मालकाच्या नावावरच्या हाका

१

सिद्रामप्पांच्या धाकट्या लेकीचं, महेश्वरीचं लग्न ज्या साली झालं, त्याच सालची ही गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा बदललेलं होतं. व्याह्यांनी पत्रिकेत उस्मानाबाद छापलं, सिद्रामप्पांनी धाराशिव, आणि एकच लग्न दोन गावांत लागतंय म्हणून मांडवात हसू झालं. मार्गशीर्षात अक्षता पडल्या. पौष गेला, माघ लागला, तरी मांडवाचे वेळू ढोकीच्या त्यांच्या अंगणात तसेच पडून होते. त्या वेळूंवर येऊन कस्तुराबाई बसली.

सिद्रामप्पा पोलिसात जमादार होते. नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली होती, पण आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक अजून ठाण्याच्या आधी त्यांच्याकडं येत. खापरवाडीची कस्तुराबाई त्यांना तरुणपणापासून माहीत होती. तिच्या कपाळाकडं त्यांनी पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिचा नवरा दगडोबा गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"काल तेरावा झाला, अप्पा," ती म्हणाली. "दुसरा तेरावा घालायची पाळी माझ्यावर येऊ देऊ नका. त्याच्यासाठी आले."

"कुणाचा दुसरा?"

"पोराचा. उत्कर्षचा. तो पुण्यास्नं आलाय तवापास्नं घरात कोयता घासत बसलाय."

सिद्रामप्पांनी तिला पाणी दिलं. मग तिनं सांगितलं ते असं. खापरवाडीत एका संस्थेनं दवाखान्याची गाडी सुरू केली होती. फोनमध्ये संस्थेचं ॲप होतं. त्यात दोन बटणं. लाल दाबलं की आजाऱ्याला न्यायला गाडी येणार. हिरवं दाबलं की डोळे तपासायची गाडी कुठवर आली, ते कळणार. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनातली बाई बोलून सांगायची.

"दुपारी ह्यांच्या छातीत कळ निघाली. गल्लीतली समदी गडीमानसं उसात. म्या लाल बटन दाबलं. ती बाई म्हनली, तुमच्या नावावर पुष्कळ हाका आल्या आहेत, थोडा वेळ थांबा. म्या थांबले. परत दाबलं, परत तेच. परत थांबले." तिनं पदर हातात गुंडाळला. "म्या त्या दिवशी त्याआधी त्या फोनला हात लावला नव्हता, अप्पा. माझ्या नावावर हाका कुनी मारल्या?"

"उत्कर्ष काय म्हणतो?"

"तो धाराशिवला त्यांच्या हापिसात जाऊन आला. तिथल्या मानसानं यंत्रात बघून सांगितलं. सकाळपास्नं खापरवाडीतनं एकच जन सारख्या हाका मारत हुता." ती खाली बघून म्हणाली, "मालक."

खापरवाडीत मालक एकच होते. गौरीशंकर. आणि दगडोबाचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं, हे ढोकीच्या बाजारातही लोकांना माहीत होतं.

२

सिद्रामप्पा दुसऱ्या दिवशी टमटमनं खापरवाडीला उतरले. पारावर उत्कर्ष बसला होता. पुण्याच्या कंपनीचं निळं जाकीट, पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, आणि तोंड गौरीशंकरच्या फाटकाकडं.

"आईनं पाठवलं का अप्पा तुम्हाला?"

"पाठवलं."

"करा मग चौकशी. पण आजच्या दिवस. उद्यापासनं माझी सुरू."

सिद्रामप्पांनी गोणपाटाकडं पाहिलं आणि पुढं गेले. अशा वेळी उपदेश केला तर हात लवकर उठतो, हे ते नोकरीत शिकले होते.

आधी त्यांनी राजेश्वरीला गाठलं. ही गावातली सून, बारावी शिकलेली, संस्थेचं काम बघायची. गावातल्या फोनांत ते ॲप तिनंच टाकलेलं. दूध केंद्राच्या छपरावर संस्थेनं वायफायची तबकडी बसवली होती, तिच्या किल्ल्याही हिच्याकडं. गावात निम्मे लोक गौरीशंकरला बोल लावत होते आणि उरलेले हिला. साप म्हणून भुई धोपटायला माणसांना काही लागत नाही.

"मी त्या दिवशी ढोकीला बैठकीला होते, अप्पा. इथं असते तर माझ्या फोनवरनं गाडी बोलवली असती. माझं म्हणणं कुणी ऐकून घेत न्हाय."

"मी घेतो. त्या दिवशी हाका कोण कोण मारत होतं?"

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या. डोळ्याची गाडी यायची होती, ती वाटेत बंद पडली. मग काय, सकाळपासनं हिरवं बटण अन् त्या. गाडी कुठवर आली, गाडी कुठवर आली. आमच्या आत्याबाईंनी त्या नादात दूध उतू घातलं. शेवटी शेवटी त्यांच्या फोनला उत्तरच येईना."

"तू विचारलंस?"

"विचारलं की. बैठकीतनं चार वेळा विचारलं. मला बराबर उत्तर येत होतं."

"एकाच घरातला सासूचा फोन अडला अन् तुझा चालला?"

"आत्याबाईंचं घर निराळं आहे, अप्पा. चुली निराळ्या झाल्यात आमच्या." ती जरा लाजली. "पण माझा अडला न्हाय, हे खरं."

सिद्रामप्पांनी ते मनात ठेवलं.

"ॲप टाकताना माहिती कुणी भरली?"

"ज्याची त्यानं. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहिलं. ज्याला येत न्हाय त्याला फोनच विचारतो, माणूस बोलतो, फोन लिहून घेतो. दुसऱ्याची माहिती आपण भरायची न्हाय असं आम्हाला बजावलंय. मी फोन हातात द्यायचे अन् बाजूला व्हायचे."

"का?"

"दुसऱ्यानं भरलं की चुका होतात म्हणे."

३

गौरीशंकरनी त्यांना ओसरीवर बसवलं. सावळे, उंच, कपाळावर भस्माचे पट्टे. वयानं साठीकडं झुकलेले. दारात जीप उभी होती.

"या जमादार. तुम्ही याल असं वाटलंच होतं. कोयत्यावाला बाहेर बसवून ठेवलाय, तो तुमचा माणूस की माझं नशीब?"

"सध्या दोन्ही. त्या दिवशी सकाळपासून तुमच्या कानाला फोन होता म्हणतात."

"होता."

"कुणाशी बोलत होता?"

"ते मी सांगणार नाही."

"मालक, गावात काय बोललं जातं ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. मालकानं सकाळपासून मुद्दाम हाका मारून गाडी अडवली आणि दगडोबाचा जीव घेतला. पावसाळ्यात असं झालंही होतं. कुणाची तरी पोरं बटण दाबत बसली आणि अख्ख्या गावाची गाडी अडली. म्हणून लोकांना पटतंय." त्यांचा आवाज चढला नाही. "बांधावरच्या वाटेवरून आमचं भांडण होतं, ते खरं. काटे टाकून वाट मी बंद केली, तेही खरं. पण तो मरावा असं माझ्या मनात आलं असेल तर हे माझं इष्टलिंग माझ्या गळ्यात राहणार नाही."

असं बोलणारी माणसं खोटंही बोलतात, हे सिद्रामप्पांनी पाहिलेलं होतं. स्वतः लिंगायत असल्यानं ती शपथ केवढी, हेही त्यांना ठाऊक होतं. बोलता बोलता त्यांची नजर आतल्या खोलीत गेली. पलंगावर एक जरीची साडी होती, घडी न मोडलेली. तिच्यावर नारळ, चांदीचे जोडवे आणि एक बांधायला काढलेला टॉवेल. नुकतंच लेकीचं लग्न केलेल्या माणसाला त्या मांडणीचा अर्थ सांगावा लागत नाही. या घरच्या लेकीचा साखरपुडा झाला होता, आणि आता तो मोडून आहेर परत जात होता. सकाळभर फोन कानाला लावून बाप व्याह्यांच्या मिनतवाऱ्या करत होता. घरातली नाचक्की बाहेर कळू नये म्हणून तो खुनाचा आळ पदरात घ्यायला तयार होता.

सिद्रामप्पांनी नजर काढून घेतली.

"ते ॲप तुमच्या फोनात आहे?"

"आहे. लेकीनं टाकलं." त्यांनी फोन पुढं केला. वर नाव होतं, गौरीशंकर शरणबसप्पा.

"इथं मालक असं घातलेलं नाही?"

गौरीशंकर पहिल्यांदा हसले. हसू कोरडंच होतं. "मालक मला लोक म्हणतात, जमादार. मी स्वतःच स्वतःला मालक म्हणून घेतलं तर माझा बाप समाधीतून उठून बसेल."

सिद्रामप्पा उठले. ओसरीच्या पायरीवर ते घोटाळले. लोक जे नाव देतात, ते नाव माणूस स्वतः सांगत नाही. मग यंत्राला मालक हे नाव सांगितलं कुणी?

४

त्याच दुपारी धाराशिवला संस्थेच्या ऑफिसात शिवकुमार भेटला. तिशीचा, दाढी वाढलेली, समोरचा डबा न उघडता तसाच ठेवलेला. गाड्यांचं सगळं यंत्र यानं बांधलेलं. दगडोबा गेल्याचं कळल्यापासून त्याला घास उतरत नव्हता, असं बाहेरच्या शिपायानं सांगितलं.

"मला एक समजावून सांग," सिद्रामप्पा म्हणाले. "माणसानं गाडी मागितली तर यंत्र थांबा म्हणतंच का?"

"अप्पा, कुणी एकानंच सारखं बटण दाबत बसलं तर बाकीच्यांची हाक आत यायला जागा राहत नाही. म्हणून एका माणसाला ठरावीक वेळात ठरावीकच हाका द्यायच्या. जास्त झाल्या की त्याला थांबवायचं. हे सगळीकडं करतात. त्यात चूक नाही."

"मग अडचण कशात आहे?"

"एक माणूस म्हणजे कोण, यात." त्यानं डोळे चोळले. "यंत्राला तोंड दिसत नाही. त्याला काहीतरी खूण लागते. आधी मी इंटरनेटचा पत्ता धरला होता. हाक कुठल्या पत्त्यावरून आली, त्यावरून माणूस ओळखायचा. पण खापरवाडीचे सगळे फोन दूध केंद्राच्या वायफायवरून बाहेर जातात. इथून पाहिलं तर सगळ्या गावाचा पत्ता एकच."

"म्हणजे वेशीत उभं राहायचं, आणि वेशीतून जो कोणी बाहेर पडेल तो एकच माणूस समजायचा."

"तसंच. म्हणून पावसाळ्यात गाव अडलं. मग मी पत्ता सोडून दिला. फोन नंबर धरावा तर लोक सिम बदलतात, शिवाय एका फोनवर तीन घरं चालतात. फोनातच एक छुपी खूण ठेवता आली असती, पण फोन बदलला की तीही गेली. प्रत्येकाला आकडा द्यावा तर म्हाताऱ्या विसरतात. शेवटी ठरवलं, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि गाव. सांगतील तेवढं नाव घ्यायचं. माणूस सगळं विसरेल, घरच्या माणसाचं नाव विसरणार नाही."

सिद्रामप्पांनी मान हलवली. पोराचा विचार सरळ होता.

"आणि त्या दिवशी मालक या नावावर हाका आल्या."

"सकाळपासून. उत्कर्षनं विचारलं, मी दिसलं ते वाचून दाखवलं. मालक हे आडनाव असेल, असं मला वाटलं. असतात तशी माणसं."

"त्या हाका कशा येत होत्या? एकामागून एक?"

"नाही, तेच नवल आहे. कधी कधी दोन-तीन एकदमच. एकाच क्षणाला. त्या माणसाकडं पुष्कळ फोन असतील."

"फोन पुष्कळ असतील बाबा, अंगठे किती?" सिद्रामप्पा म्हणाले. मग ते पुढं झुकले. "बरं, आता नीट ऐक. पत्त्यावरून ओळखायचं तू सोडलंस. आता नावावरून ओळखतोस. मग मालकानं कितीही हाका मारल्या, तर थांबेल कोण?"

"मालक."

"बाकी गाव?"

"बाकी गावाला काही होणार नाही. म्हणूनच तर..." शिवकुमार बोलता बोलता थांबला.

"राजेश्वरीला काही झालं नाही. तिचा फोन चालत होता. मग कस्तुराबाईला का थांबवलं?"

शिवकुमार कळफलकाकडं वळला, काहीतरी शोधलं, पुन्हा शोधलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"अप्पा, कस्तुराबाईंनी दगडोबांचं नाव सांगितलं असणार ना?"

"कुटुंबप्रमुख तोच."

"खापरवाडीत दगडोबा नावाची नोंदच नाही. कधी झालेलीच नाही."

५

रात्रभर सिद्रामप्पा ते घोळवत राहिले आणि त्यांना उलगडा झाला नाही. सकाळी ते पुन्हा खापरवाडीत उतरले, मागच्या गाडीनं शिवकुमारला यायला सांगून. उत्कर्ष पारावर होता. आज गोणपाट सोडलेलं होतं.

वाटेत शांताक्कांचं घर लागलं. अक्कलकोटकडच्या माहेरच्या, अर्ध्या बोलण्यात कानडी. ओट्यावर बसून त्या ज्वारीतले खडे वेचत होत्या. कस्तुराबाईचं घर त्यांच्या भिंतीला भिंत.

"बसा जमादार. चहा टाकते. लेकीच्या लग्नात आम्हाला बोलावलं न्हाय, तरी टाकते."

"पत्रिका पाठवली होती, शांताक्का."

"पत्रिका पाठवून काय, मला वाचता कुठं येतं?" त्यांनी आत सुनेला हाक दिली. "तुम्ही माझा फोन बघायला आला असाल. त्यानं त्या दिवशी दगाच दिला. थांबा म्हणतो मेला. डोळ्याची गाडी आली न्हाय ती न्हायच. शेवटी मालक स्वतःच गेले सोलापूरला, डोळ्याचं आपरेशन करून घ्यायला. काल गेले, चार रोज राहणार."

सिद्रामप्पांनी गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं. गौरीशंकर आज तिथं आणलेल्या जीपला टेकून उभे होते. पलीकडच्या पारावरून उत्कर्ष त्यांच्याकडं बघत होता.

"शांताक्का, मालक तर ते काय उभे आहेत."

"अय्य शिवने." म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "ते गावाचे मालक. मी माझ्या मालकाचं बोलते."

चहाचा कप आला होता. सिद्रामप्पांनी तो हातात घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवून दिला.

"तुमच्या मालकांचं नाव काय?" त्यांनी हळू विचारलं.

शांताक्कांनी पदर दातात धरला. "तुम्हाला ठाऊक न्हाय व्हय? दोघं एका ताटात जेवलात. या वयात माझ्या तोंडून वदवून घेता?"

"मला सांगू नका. फोननं विचारलं होतं ना, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव सांगा म्हणून? तेव्हा काय सांगितलंत?"

"फोननं विचारलं म्हणून काय झालं? नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं का? मी म्हटलं, मालक. त्यानं गुमान लिहून घेतलं. फोनला जी समज हाय ती जमादाराला न्हाय."

भिंतीपलीकडून कस्तुराबाईच्या घरातलं भांड्यांचं वाजणं ऐकू येत होतं. सिद्रामप्पा उठले. पारावर उत्कर्षही उठला होता, आणि त्याच्या हातात कोयता होता.

६

ते पळाले नाहीत, पण भरभर चालले, आणि उत्कर्ष आणि जीप यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा, अप्पा. तुमचा दिवस काल संपला."

"संपला. एक विचारतो, त्याचं उत्तर दे आणि मग जा. तुझ्या बापाचं नाव तुझ्या आईच्या तोंडून तू कधी ऐकलंस?"

उत्कर्षला तो प्रश्न कळला नाही. मग तो आठवू लागला.

"न्हाय," तो शेवटी म्हणाला. "कधीच न्हाय."

"मग दूध केंद्रापाशी चल. कोयता घेऊनच चल, मी काढून घेत नाही."

दूध केंद्राच्या कट्ट्यावर सिद्रामप्पांनी गावातल्या म्हाताऱ्या बोलावल्या. शांताक्का आल्या, राजेश्वरीच्या आत्याबाई आल्या, कस्तुराबाई आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. शिवकुमार एस.टी.तून उतरून तसाच आला. गौरीशंकर अंतर ठेवून थांबले. शिवकुमारनं राजेश्वरीच्या फोनवर नवी नोंद करायचं पान उघडलं.

"कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा," फोनातली बाई म्हणाली.

"मालक," आत्याबाई म्हणाल्या. फोनवर अक्षरं उमटली. शिवकुमारनं ती सगळ्यांना दाखवली आणि पुसून फोन पुढं दिला.

"आमचे मालक," दुसरी म्हणाली. फोननं 'आमचे' गाळलं, मालक ठेवलं.

"मालक."

"मालक."

आधी माणसांत हसू फुटलं होतं. चौथ्या-पाचव्या बाईला ते विरलं. फोन पुढं पुढं जात राहिला आणि तेच नाव पुन्हा पुन्हा उमटत राहिलं, तसं सगळ्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बघतोय.

"यंत्राला वाटलं हा एक माणूस आहे," सिद्रामप्पा म्हणाले. "खापरवाडीचा मालक. हा मालक एकाच क्षणाला तीन फोनांवरून बोलतो. का, तर तीन बायका आपापल्या दारात बसून एकदम बटण दाबत होत्या. गौरीशंकरचं नाव यंत्रात गौरीशंकर असंच आहे, त्याचा या हाकांशी संबंध नाही. शिकलेल्या सुनांनी नवऱ्यांची नावं लिहिली, त्यांचे फोन चालू राहिले. ज्यांनी नाव घेतलं नाही, त्यांचा मिळून एकच माणूस झाला. डोळ्याची गाडी आली नाही, सगळ्यांनी विचारलं, आणि दुपारपर्यंत त्या एका माणसाच्या हाका संपल्या. त्यानंतर कस्तुराबाईनं बटण दाबलं."

कस्तुराबाईनं मान वर केली. "म्याबी तेच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मालक. त्या पोरीनं फोन हातात दिला तवा."

राजेश्वरीनं तोंडावर हात ठेवला.

"चूक माझी आहे," शिवकुमार म्हणाला. "नाव म्हणजे माणूस, असं मी धरलं. लाल आणि हिरव्या हाका एकाच मापात मोजल्या, तीही माझीच चूक. लाल हाक कधीच अडवायला नको होती. काल रात्री मी ते बदललं. आता ती अडणार नाही."

"आता," उत्कर्ष म्हणाला. तेवढंच. कोयता त्याच्या हातात होता, पण कुणाकडं वळवावा ते त्याला कळत नव्हतं. "मग धरायचं कुणाला, अप्पा?"

"धरायला कुणी नाही. असतं तर मी तुला सांगितलं असतं."

गौरीशंकर दोन पावलं पुढं आले. "कस्तुराबाई, माझी जीप दारात होती. एक हाक मारली असतीत तर मी घेऊन गेलो असतो."

"म्या कुठनं येनार हुते, मालक?" ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या दाराला यायची वाट बांधावरनं हुती. ती तुमीच बंद केली."

गौरीशंकर खालमानेनं बांधाकडं निघाले, आणि थोड्या वेळानं तिकडून काटे ओढल्याचा आवाज येऊ लागला. उत्कर्षनं तो ऐकला. त्यानं कोयता कट्ट्यावर ठेवला आणि आईच्या शेजारी खाली बसला.

"सगळ्यांच्या नोंदी नव्यानं कराव्या लागतील," शिवकुमार राजेश्वरीला म्हणाला. "प्रत्येक घर वेगळं ओळखता आलं पाहिजे. नावं सुनांनी, मुलांनी सांगितली तरी चालेल. कुणाला अवघडायला नको."

"आमच्या घरचं मी सांगतो," उत्कर्ष म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

"न्हाय. इकडं दे," कस्तुराबाई म्हणाली.

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. लग्नात, सासरच्या उंबऱ्यावर, बायकांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात तिनं ते नाव घेतलं होतं. त्यानंतर नाही. भांडणात नाही, आजारपणात नाही, ओसरीवर तो तळमळत होता तेव्हाही नाही.

"कुटुंबप्रमुखाचं नाव सांगा," फोनातली बाई म्हणाली.

शांताक्कांनी तोंड दुसरीकडं केलं. बाकीच्याही बायकांनी केलं.

"दगडोबा," कस्तुराबाई म्हणाली.

"नोंद झाली आहे. दगडोबा, गाडी हवी असल्यास लाल बटण दाबा."

ती त्या बटणाकडं बघत राहिली. मग फोन तिनं मुलाच्या हातात दिला.

दगडोबा सटवाजी भोसगे, राहणार खापरवाडी, हे त्या सालच्या पौष वद्य पंचमीला, सोमवारी दुपारी, आपल्या घरच्या ओसरीवर वारले.